नातवंडांबरोबर संग्रहालयात

मे महिना लागला की मुंबई-पुण्याची मुलं आपल्या गावाकडे येतात. पहिले आठ दिवस आंबे, फणस, करवंदं आणि पऱ्ह्यातलं पाणी यांत कसे निघून जातात ते कळत नाही. नवव्या दिवशी मूल ओटीवर येऊन बसतं आणि विचारतं, "आजी, आता काय करू?" आजी म्हणते, "खेळ जा." आजोबा म्हणतात, "पुस्तक वाच." आणि मूल हळूच कोपऱ्यात जाऊन मोबाइलात तोंड घालून बसतं. मग आजी-आजोबांना वाटतं, या पोरांना आपल्याशी बोलायला काही नाही. मुलांनाही वाटतं, आजी-आजोबांजवळ सांगण्यासारखं काही नाही. दोघांचीही समजूत चुकीची आहे; पण ती दूर करायला काही निमित्त लागतं. आज मी तुम्हांला असं एक निमित्त सुचवणार आहे. नातवंडाला घेऊन एक दिवस संग्रहालयात जा. घरातलं तरणंताठं माणूस बरोबर नसलं तरी चालेल. आजी आणि आजोबा मात्र हवेत.

संग्रहालय म्हटलं की आपल्याकडची वडीलधारी माणसं मागे सरतात. "आमका त्यातला काय कळता?" असं म्हणतात. शिकल्यासवरलेल्यांची ती जागा, तिथं राजेरजवाड्यांच्या तलवारी असायच्या, इंग्रजीत चिठ्ठ्या लावलेल्या असायच्या, आपण तिथं जाऊन काय पाहणार, असा संकोच त्यांच्या मनात असतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. संग्रहालयात काचेच्या पलीकडे ज्या वस्तू मांडलेल्या असतात, त्यांतल्या कितीतरी तुम्ही हातांनी वापरलेल्या आहेत. चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्या वस्तूचा धातू आणि काळ ठाऊक असतो. ती हातात धरली की कशी लागते, हे तुम्हांला ठाऊक असतं.

मुलांसाठी वेगळं संग्रहालय असावं ही कल्पना तशी जुनी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिन भागात १८९९ साली अशा प्रकारचं जगातलं पहिलं संग्रहालय सुरू झालं. त्यामागचा विचार साधा होता. मूल नुसतं पाहून शिकत नाही. ते हात लावून, उलटं करून, वाजवून, कधी मोडूनसुद्धा शिकतं. "हात लावू नका" अशी पाटी जिथं असते, तिथं मुलाचं अर्धं मन बाहेरच राहतं. हा विचार पुढे देशोदेशी पसरला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ साली खास मुलांचं संग्रहालय उघडलं.

ज्या मोठ्या संग्रहालयाच्या आवारात ते उभं आहे, त्याचीही हकिगत नातवंडाला सांगण्यासारखी आहे. त्या इमारतीचा पायाचा दगड ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवला गेला. तेव्हाचे इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, यांच्या हस्ते तो समारंभ झाला. नकाशा जॉर्ज विटेट यांचा. इमारत बांधून झाली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. तेव्हा तिथं वस्तू मांडण्याऐवजी जखमी सैनिकांच्या खाटा मांडल्या गेल्या. लहान मुलांच्या कल्याणाचं कामही त्या काळात त्या इमारतीत चाललं. संग्रहालय म्हणून ती लोकांसाठी खुली झाली १० जानेवारी १९२२ रोजी. आपले कित्येक मुंबईकर आजोबा अजूनही तिला 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम'च म्हणतात. १९९८ साली तिला महाराजांचं नाव मिळालं.

आणि लालबाग-परळच्या चाळींतून ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना भायखळ्याची राणीची बाग सांगायला नको. तिथं वाघ-हत्ती पाहायला सारं गिरणगाव जात असे. पण बागेच्या दाराशीच १८७२ साली उघडलेलं एक देखणं संग्रहालय आहे, तिकडे पाय वळत नसत. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. जुन्या मुंबईतले लोक कसे राहत, कोणते धंदे करत, याच्या मातीच्या सुबक प्रतिकृती तिथं मांडल्या आहेत. गिरणीत राबलेल्या आजोबांनी नातवाला तिथं नेलं, तर तिथली मुंबई दाखवून झाल्यावर त्यांची स्वतःची मुंबईही आपोआप तोंडी येईल: भोंगा, खानावळ, गावाकडे जाणारी मनिऑर्डर, आणि १९८२ सालचा तो न मिटलेला संप. नातवाच्या शाळेच्या पुस्तकात संपाची एखादी ओळ असेल. त्या वर्षी आपल्या घरात चूल कशी पेटत होती, हे त्याला दुसरं कोण सांगणार?

आता पुण्याचं एक उदाहरण सांगतो. पुण्याला शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ते उभं करणारे दिनकर गंगाधर केळकर हे कुणी संस्थानिक नव्हते. त्यांचा चष्म्यांचा धंदा होता, आणि 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं या माणसानं उभा जन्म गावोगाव हिंडून वस्तू गोळा केल्या. वीस हजारांच्या वर वस्तू! आणि कसल्या? दिवे, अडकित्ते, कुलुपं, दौती, वाद्यं, स्वयंपाकघरातली भांडी, पाय घासायच्या वज्री. लोकांनी माळ्यावर टाकलेल्या, मोडीत काढलेल्या वस्तू त्यांनी उचलून आणल्या, पुसल्या आणि मांडल्या. पुढे सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. एका लहान मुलाच्या नावानं उभं राहिलेलं हे घर आहे, हे नातवंडाला दारातच सांगा. मग आत पाऊल टाका.

आत गेल्यावर काय होतं? मूल एका अडकित्त्यापाशी थांबतं आणि विचारतं, "आजी, हे काय गं?" चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, 'अडकित्ता, पितळ.' आजी मात्र सांगते, "सुपारी कातरायचा अडकित्ता तो. माझ्या सासऱ्यांच्या चंचीत असायचा. ते सुपारी कातरत बसले, म्हणजे समजावं की काही महत्त्वाचं बोलणं निघणार आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा असंच झालं होतं." झालं! एवढ्या दोन वाक्यांनी ती वस्तू काचेतून बाहेर आली. मुलाला सासरे कळले, चंची कळली, लग्न कसं ठरत असे तेही कळलं. पुस्तकात हे सापडत नाही, आणि आजीला ओटीवर बसवून "तुझ्या आठवणी सांग" म्हटलं, तर तिला हे आठवतही नाही. आठवण अशी हुकमी येत नसते. वस्तू समोर आली म्हणजे तिच्या मागोमाग आठवण येते.

आणि वस्तूला तोंड फुटतं, ते ती वापरणारं माणूस शेजारी उभं असलं तरच. आज मी जे सांगायला आलो आहे, त्याचं सार एवढंच आहे.

तुम्ही म्हणाल, मुंबई-पुणं लांब पडलं. खारेपाटणच्या माणसानं जावं कुठं? जवळच जावं. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातल्या कलावंतांची पिढीजात कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची कला आहे. श्री. परशुराम गंगावणे यांनी तिथं आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे त्याचं नाव. लाकडाच्या बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या, आणि रामायण-महाभारताच्या कथा सांगताना एकामागून एक उचलून दाखवायची चित्रं तिथं आहेत. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संग्रहालयाला संगमरवरी जिना लागत नाही, गोठाही पुरतो, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं सिद्ध करून दाखवली आहे. ज्या आजोबांनी लहानपणी देवळासमोर रात्र जागवून हा खेळ पाहिला असेल, त्यांनी नातवाला तिथं न्यावं.

दुसरीकडे तळेऱ्याहून वैभववाडी आणि करूळचा घाट चढून गेलं की गगनबावड्यावरून कोल्हापूर. तिथल्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात एक छोटीशी काशाची मूर्ती आहे. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं, त्या सुमारास मिळालेल्या वस्तूंपैकी ती आहे. मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची. आता नातवंडाला विचारा, "बाळ, कोल्हापूरला समुद्र आहे का रे?" ते म्हणेल, "नाही." मग विचारा, "तर मग समुद्राचा देव तिथं कसा पोचला?" उत्तर सांगायची घाई करू नका. परतीच्या वाटेवर घाट उतरताना खाली कोकण दिसू लागलं, की मूलच सांगेल: परदेशी माल समुद्रावरून कोकणातल्या बंदरांत येत असे, आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जात असे. हा इतिहासाचा आणि भूगोलाचा धडा एकाच वेळी झाला, आणि तोही न रडता!

आता थोडं व्यवहाराचं बोलतो. दिवस सुखाचा जावा असं वाटत असेल तर काही गोष्टी सांभाळा. कित्येक संग्रहालयं आठवड्यातून एक वार बंद असतात. तो वार आधी विचारून घ्या. सकाळी लवकर पोचा. सगळं पाहायचा हट्ट धरू नका. हजार वस्तूंपुढून पळत जाण्यापेक्षा दहा वस्तूंपाशी थांबणं बरं. त्या दहा कोणत्या, हे नातवंडाला ठरवू द्या. आजोबांचे गुडघे आणि मुलाची पोटं साधारण एकाच वेळी तक्रार करतात. तेव्हा मध्येच बाहेर येऊन झाडाखाली बसा, शिदोरी सोडा, पाणी प्या आणि मग पुन्हा आत जा. बरोबर एक वही आणि पेन्सिल ठेवा. मुलानं काढलेलं अडकित्त्याचं वेडंवाकडं चित्र मोबाइलातल्या शंभर फोटोंपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं. कारण चित्र काढायला वस्तूकडे नीट पाहावं लागतं.

प्रत्येक वस्तूपाशी चार प्रश्न विचारावेत. एक, आपल्याकडे हिला काय म्हणतात? दोन, ही कोण घडवत असे? तीन, ही कोण वापरत असे? आणि चार, आता ही का दिसत नाही? पहिल्या प्रश्नानं मुलाला आपली बोली मिळते. पुस्तकात 'इरले' असतं. आजी म्हणते 'इरला'. चिव्याच्या काड्यांचं आणि पानांचं ते पावसाळी छप्पर पाठीवर घेऊन ओणव्यानं भात लावताना कंबर कशी भरून येत असे, हेही ती सांगते. दुसऱ्या प्रश्नानं बुरूड, कुंभार, सुतार, तांबट डोळ्यांपुढे येतात. चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा आजोबांना जास्त चांगलं येतं. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, आणि १ एप्रिल १९५७ पासून आलेला 'नवा पैसा'. शेर-पायलीची मापं, आणि त्यानंतर आलेले किलो आणि लिटर. हे सारं ज्यांनी बाजारात हातानं मोजलं, अशी माणसं आता सत्तरीच्या पलीकडे गेली आहेत.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे: ही वस्तू कोण वापरत असे? आणि कोणाला ती वापरता येत नसे? मंडळी, नातवंडांना जुन्या काळाचं गोड तेवढंच सांगू नका. जातं पाहिलं की ओव्या आठवतात, ते ठीकच आहे. पण पहाटे तीनला उठून दळताना हाताला घट्टे पडत आणि मुलींची शाळा त्यापायी सुटे, हेही सांगा. तांब्याची कळशी दाखवताना सांगा, की गावच्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरता येत नव्हतं. काहींना दूर उभं राहून कुणी ओंजळीत घालील त्याची वाट पाहावी लागे. आपल्याच कोकणात महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी जो सत्याग्रह केला, तो याच पाण्यासाठी. एका कळशीपाशी उभं राहून हे सांगता येतं. मूल ऐकतं, गप्प होतं, आणि मग एखादा असा प्रश्न विचारतं, की आपल्याला खाली पाहावं लागतं. पाहू खाली! पण खोटं सांगू नये. जुना काळ खरा कसा होता, हे त्याला घरच्या माणसाकडूनच कळलं पाहिजे.

आता आपल्या खारेपाटणाकडे येऊ. कारण संग्रहालयाचा खरा धडा मला तिथंच सापडतो.

आज खारेपाटण म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावरचं एक गाव. गाडी पुलावरून जाते तेव्हा प्रवाशाला वाटतही नाही, की हे एक नावाजलेलं बंदर होतं. विजयदुर्गची खाडी बरीच आत येते, त्या खाडीच्या वाटेनं इथवर गलबतं येत. वर टेकडीवर किल्ल्याच्या खुणा आहेत. हे बंदर किती जुनं? याचं उत्तर देणारे तांब्याचे पत्रे याच गावात मिळाले. विद्वान त्यांना खारेपाटणचे ताम्रपट म्हणतात. देशातल्या इतिहासाच्या अभ्यासकांना आपल्या गावाचं नाव ठाऊक आहे, ते या पत्र्यांमुळे.

त्यांतला एक ताम्रपट शिलाहार वंशातल्या रट्टराज नावाच्या राजाचा आहे. त्यावर शके ९३०, ज्येष्ठ पौर्णिमा असा दिवस कोरला आहे. शिक्षकहो, इथं मुलांना फळ्यावर एक गणित घाला: शकात अठ्ठ्याहत्तर मिळवा. इसवी सन १००८ येतो. म्हणजे २००८ साली त्या लेखाला हजार वर्षं पुरी झाली. लेख संस्कृतात आहे. दक्षिण कोकणात राज्य करणाऱ्या या शिलाहारांची वंशावळ ज्या मोजक्या लेखांवरून आपल्याला कळते, त्यांत हा महत्त्वाचा. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या या पट्टीवर ते राज्य करीत. बलिपत्तन हे त्यांचं ठाणं, आणि बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असं मत अभ्यासकांनी मांडलं आहे.

राजानं देवस्थानाला तीन गावं दिली, आणि शिवाय जकातीतला वाटा दिला. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, आणि कंदलमूलीय या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचं एक धरण. गद्याण आणि धरण ही त्या काळची सोन्याची नाणी किंवा वजनं समजा. चेमूल्य म्हणजे चौल, आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर, इथली जहाजं मात्र यातून वगळली होती. देवाच्या सेवेला तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबं नेमून दिली होती. त्यांत दासींचाही उल्लेख आहे. म्हणजे माणसंसुद्धा दान देण्याचा तो काळ होता. तेही मुलांपासून लपवू नका.

दुसरा ताम्रपट उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी अनंतदेव राजाचा, शके १०१६ चा. मिळवा अठ्ठ्याहत्तर! त्यात बलिपत्तनच्या दुर्गश्रेष्ठी नावाच्या व्यापाऱ्याच्या भाभण आणि धणाम या दोन मुलांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल या बंदरांत जकात माफ केली आहे. विचार करा: नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी दोन भावांची गलबतं कोकणच्या किनाऱ्यावर वरखाली जात होती, आणि त्यांची नावं आपल्याला आज ठाऊक आहेत. का? तर कुणीतरी ती तांब्यावर कोरली, आणि पुढे शेकडो वर्षं कुणीतरी तो तांब्याचा पत्रा मोडीत घातला नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबा. तांबं महाग. दुष्काळ आले, स्वाऱ्या आल्या, घरं बुडाली. पत्र्यावरची अक्षरं वाचता येणारं माणूस गावात उरलं नाही. अशा वेळी "याची एक चांगली घागर होईल" असं कुणीही म्हटलं असतं. तांबटाच्या भट्टीत पाव घटकेचं काम! तसं झालं असतं तर रट्टराज गेला असता, सोन्याचा गद्याण गेला असता, दोघा भावांची गलबतं गेली असती. तसं झालं नाही. आणि १८४० नंतरच्या काही वर्षांत रट्टराजाचा ताम्रपट वाचून प्रसिद्ध केला तो कुणी? बाळशास्त्री जांभेकरांनी. १८३२ साली 'दर्पण' काढून मराठी पत्रकारितेचा पाया घालणारे तेच बाळशास्त्री. ते पोंभुर्ल्याचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडितानं त्याचं पुन्हा संपादन केलं. पण पहिला हात लागला तो शेजारच्या गावच्या मुलाचा. जपणारा एक आणि वाचणारा एक, असे दोघे भेटले तेव्हा तो पत्रा बोलला.

आज आपल्या घरांत काय चाललं आहे? सडे पडलेली घरं उघडली जातात, दुरुस्तीला काढली जातात, आणि भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा राहतो. पितळी समई, लामणदिवा, शेवयांचा साचा, पायली, कणगी, दस्तऐवजांची पेटी, मोडीतले कागद, सगळं वजनावर जातं. सगळं ठेवून घ्या असं मी म्हणत नाही; घर म्हणजे गोदाम नव्हे. पण टेम्पोत टाकण्यापूर्वी एकदा आजीला बाहेर बोलवा आणि नातवंडाला जवळ उभं करा. तिनं त्या वस्तूचं नाव सांगावं आणि त्यानं ते लिहून घ्यावं. वस्तू गेली तरी नाव राहील. आणि आजी गेल्यावर मात्र वस्तू राहूनही काही उपयोग नाही. मग ती आणखी एक तांब्याचा पत्रा, पण वाचता न येणारा.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, यात तुमचं काम मोठं आहे. शाळेत एक कपाट किंवा एक भिंत मोकळी करा. वर्षातून एकदा आजी-आजोबांना शाळेत बोलवा. प्रत्येक मुलानं घरची एक जुनी वस्तू आणावी, आणि ती वापरलेलं माणूस बरोबर आणावं. वस्तूखाली मुलांच्या हातची चिठ्ठी असू द्या: गावातलं नाव, कशाची केलेली, कोणी घडवली, कोणी वापरली, हे कोणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला. आठ दिवसांनी वस्तू ज्याची त्याला परत करा. चिठ्ठ्या आणि चित्रं शाळेनं ठेवावीत. दहा वर्षांत त्या चिठ्ठ्यांची जी वही होईल, तिची बरोबरी शहरातलं मोठं संग्रहालयही करू शकणार नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयानं २०१५ साली वस्तू घेऊन शाळांच्या दारी जाणारी बससुद्धा काढली. अशी गाडी आपल्या भागात येईल का, हे मुख्याध्यापकांनी एक पत्र लिहून जरूर विचारावं.

पण एक जपा. किल्ल्यावर किंवा देवळाच्या आवारात मुलांना खणायला लावू नका. कोरीव दगड, वीरगळ जागचे हलवू नका. शेतात नाणी किंवा ताम्रपट मिळाला, तर तो चिंचेनं घासूनपुसून लखलखीत करू नका, अक्षरं झिजतात. सरकारदरबारी कळवा. भूमिगत धनाचा १८७८ सालचा कायदाही तसंच सांगतो. आणि जिथं मिळाला त्या जागेची नोंद करा. जागेपासून तुटलेली वस्तू अर्धी मुकी होते.

तेव्हा श्रोतेहो, या सुटीत एक दिवस काढा. पिंगुळीला जा, कोल्हापूरला जा, मुंबईला लेकाकडे गेलात तर नातवाला तिथल्या संग्रहालयात न्या. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर आपल्याच घराच्या माळ्यावर शिडी लावा. नातू वर चढेल, एकेक वस्तू खाली देईल आणि विचारील, "आजी, ह्या काय?" तुम्ही फक्त खरं उत्तर द्या, आणि त्याला ते लिहून घेऊ द्या.